घरच्या प्रिंटरवर पाठपोट प्रिंट कमांडने कशी काढायची? ४७ च्या मागे २ येतंय

चोपड्याची_लेक_पारोळ्यात:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. माझं माहेर चोपड्याच्या बाजूचं, सासर पारोळा. आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की आम्ही बहिणी, चुलत बहिणी, आत्या सगळ्या माहेरी जमतो, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी चालतात, गडी माणसं तिकडे पत्ते कुटत बसतात. गाणी मात्र आता आई आणि दोन आत्या एवढ्यांनाच पूर्ण येतात, आम्ही बाकीच्या नुसत्या शेवटच्या ओळीला आवाज मोठा करणाऱ्या. म्हणून मागच्या वर्षी सगळी फोनमधे रेकॉर्ड केली आणि वर्षभर थोडी थोडी टाईप केली. लिब्रेऑफिसमधे ए४ ची ४७ पानं झाली. आता यावेळी प्रत्येकीला एकेक वही द्यायची आहे, १५ वह्या.

घरी साधा ब्लॅक अँड व्हाईट लेझर प्रिंटर आहे, मिस्टरांनी जुना घेतलेला. लॅपटॉप पण जुनाच, भाच्याने त्यात लिनक्स मिंट टाकून दिलं आणि सांगितलं मामी माऊसने पाठपोट जमलं नाही तर टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघड, तिथून सगळं होतं. टर्मिनलला मी आता घाबरत नाही, पण पाठपोट काही होईना.

पहिल्यांदा हे दिलं (फोनवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून कमांड पण देवनागरीतच लिहितेय, समजून घ्या):

एलपी -ओ साईड्स=टू-साईडेड-लाँग-एज गाणी.पीडीएफ

एरर नाही काही नाही, शहाण्यासारखी ४७ पानं एकाच बाजूने आली. मग कुठंतरी वाचलं की आधी विषम पानं काढायची, तोच गठ्ठा परत ट्रेमधे घालायचा आणि मग सम पानं. म्हणून

एलपी -ओ पेज-सेट=ऑड गाणी.पीडीएफ

आणि गठ्ठा आला तसाच उचलून ट्रेमधे, मग

एलपी -ओ पेज-सेट=ईव्हन गाणी.पीडीएफ

झालं काय तर ४७ च्या मागे २, ४५ च्या मागे ४, ४३ च्या मागे ६ असं आलं आणि पान १ चा कागद मागून कोराच राहिला. परत केलं, यावेळी वाटलं गठ्ठा फिरवून बघू, डोक्याकडची बाजू पायाकडे केली, तर तेच आकडे, वर अक्षरं पण उलटी. आई शेजारी बसून गहू निवडत होती, म्हणे हाई काय करी राहिनी व माय, बठ्ठा कागद वाया. नव्वदच्या वर कागद गेले. झेरॉक्सवाल्याकडे जाऊ शकते पण हट्टाला पेटलेय आता. कोणी सरळ सांगेल का काय चुकतंय?

भुसावळ_यार्ड:

ताई तुम्ही आकडे दिले हे फार बरं केलं, लोक नुसतं "होत नाहीये" लिहून गायब होतात.

पहिल्या कमांडचं आधी. ती कमांड बरोबर आहे, प्रिंटरला जमत नाहीये. कागद आतल्या आत उलटा करायचं यंत्र ज्यात असतं त्यालाच साईड्स हा ऑप्शन कळतो, बाकीचे गपचूप दुर्लक्ष करतात आणि एका बाजूने छापून मोकळे होतात, एरर येतच नाही. तुमच्यात ते आहे का बघायचं तर

एलपीस्टॅट -पी -डी

याने प्रिंटरचं नाव कळेल, मग

एलपीऑप्शन्स -पी प्रिंटरचंनाव -एल

लांब यादी येईल, त्यात डुप्लेक्स नावाची ओळ शोधा. ओळ असेल आणि तिच्यात नन सोडून डुप्लेक्स-नो-टंबल, डुप्लेक्स-टंबल असले पर्याय दिसले तर यंत्र आहे किंवा ड्रायव्हरला (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामला) वाटतंय की आहे. कधी कधी यंत्र असतं पण ड्रायव्हरमधे "बसवलेलं नाही" अशी खूण राहिलेली असते, तेवढी ब्राउझरमधे लोकलहोस्ट आणि पोर्ट ६३१ उघडून बदलता येते. ओळच नसेल तर विषय संपला, हाताने पलटवायचं. जुन्या घरगुती लेझरमधे बहुतेक नसतंच.

आता ४७ च्या मागे २. तुमच्या प्रत्येक जोडीची बेरीज ४९ येतेय बघा, ४७+२, ४५+४, ४३+६. म्हणजे गडबड काही नाही, सम पानं फक्त उलट्या क्रमाने जायला पाहिजे होती. का ते सांगतो. लेझर प्रिंटरमधून पान छापलेली बाजू खाली करून बाहेर येतं. पान १ पहिलं आलं, ते तळाशी. त्यावर ३, त्यावर ५, सगळ्यात वर ४७, आणि सगळ्यांची कोरी पाठ वर. तुम्ही गठ्ठा तसाच ट्रेमधे ठेवला. प्रिंटर वरचा कागद आधी ओढतो. म्हणजे त्याने ओढला ४७ चा, आणि तुम्ही त्याला छापायला दिलं पान २. तो बिचारा काय करणार.

म्हणून दुसऱ्या फेरीला

एलपी -ओ पेज-सेट=ईव्हन -ओ आउटपुटऑर्डर=रिव्हर्स गाणी.पीडीएफ

याने ४६, ४४, ४२ असं जाईल. पण थांबा, आत्ता टाकू नका! तुमची पानं ४७ आहेत. ४७ ला मागची बाजूच नाही. गठ्ठ्यात सगळ्यात वर ४७ आहे आणि पहिलं छापलं जाणार ४६, म्हणजे ४७ च्या मागे ४६ येईल आणि पुढे सगळी एकेक घराने सरकतील. वरचा ४७ चा कागद काढून बाजूला ठेवा, मग कमांड, आणि शेवटी तो गठ्ठ्याच्या तळाशी लावा. गंमत म्हणजे असं केलं की दुसऱ्या फेरीनंतर गठ्ठा आपोआप १, २, ३, ४ असा लागून येतो, काही निवडायला लागत नाही.

गठ्ठा डोकं-पाय फिरवायचा नाही. अक्षरं उलटी आली ती त्याने.

केळीचा_घड:

यार्डभाऊंचं बरोबर पण एक राहिलं, त्यांनी सांगितलं ते त्यांच्या प्रिंटरचं आहे 😄 प्रत्येकाची कागद ओढायची तऱ्हा वेगळी असते भो. माझ्याकडे शाईचा आहे, त्यात कागद मागून उभा लावायचा, पान छापलेली बाजू वर करून बाहेर पडतं, १ तळाशी उताणं, ४७ सगळ्यात वर उताणं. तिथे पूर्ण गठ्ठा पालथा करून लावायचा, मग वर येतो १ चा कागद कोऱ्या पाठीने, आणि सम पानं सरळ क्रमानेच द्यायची, रिव्हर्स नाही. ४७ चा कागद तळाशी राहतो तो काढायची पण गरज नाही, प्रिंटर तिथपर्यंत पोचतच नाही. दोन्ही रीती बरोबर, मशीन वेगळं.

म्हणून कोणाचं ऐकू नका, एक कागद घ्या, त्यावर पेन्सिलने वरच्या बाजूला बाण काढा आणि "वर" लिहा, बाणाचं टोक मशीनच्या आत जाईल असा ठेवा, काहीही एक पान छापा. आता बघा: पेन्सिलच्या बाजूला छापलं का मागे? बाणाकडे अक्षराचं डोकं आहे का पाय? आलेला कागद पालथा पडला का उताणा? हे कागदाच्या तुकड्यावर लिहून प्रिंटरलाच चिकटवून टाका. माझ्या प्रिंटरवर तीन वर्षं झाली चिकटवलेलं, "बाण आत, लिहिलेलं खाली, डोकं पुढे". बायको म्हणते देवघराला पण एवढं लिहिलेलं नाही.

चोपड्याची_लेक_पारोळ्यात:

भाऊ दोघांचे आभार! यादीत डुप्लेक्सची ओळच नाही, म्हणजे यंत्र नाही. बाणाचा प्रयोग केला, यार्डभाऊंनी सांगितलं तसंच निघालं, कोरी बाजू वर ठेवली की तिच्यावरच छापतो. ४७ चा कागद काढला, रिव्हर्स दिलं आणि पहिली वही बरोबर आली!! आईने दोनदा मोजून पाहिली.

पण दुसऱ्या वहीला सम पानांच्या मधेच प्रिंटरने दोन कागद एकदम ओढले, तिथून पुढे सगळं चुकलं. तिसरीला अर्ध्यात अडकलाच, कागद वळून पंख्यासारखा झालेला. नव्या कागदावर पहिली बाजू छापताना एकदाही अडकला नाही, दुसऱ्या बाजूलाच का अडकतो? आणि अजून १४ वह्या बाकी आहेत. दर वहीला तो ४७ चा कागद काढायचा लक्षात ठेवायचं म्हणजे पण डोक्याला ताप.

शिरपूरकर_मास्तर:

ताई, खोलीत कूलर चालू आहे ना? खरं सांगा.

मी दरवर्षी एप्रिल महिन्यात शाळेच्या प्रश्नपत्रिका घरी काढतो, पहिली दोन वर्षं डोकं आपटलं या दुसऱ्या बाजूपायी. होतं असं की आपल्याकडे या दिवसात बाहेर पारा चाळिशी ओलांडून जातो, घरात वाळ्याचा कूलर घुरघुरत असतो, तो थंड हवेबरोबर ओलावा पण फेकतो. कागद ओलावा पितो, हाताला कळत नाही पण पितो. लेझरच्या आत टोनर वितळवून चिकटवायला जो रोलर असतो तो दोनशे डिग्रीच्या आसपास तापतो, त्याखालून ओला कागद गेला की एकदम सुकतो आणि एका अंगाला वळतो. बाहेर येतो पापडासारखा. तोच वळलेला कागद तुम्ही लगेच परत आत घालता, कडा वर उचललेली असते, ती रोलरला नीट सापडत नाही, कधी अडकते कधी दोन जातात.

उपाय साधे आहेत. छापताना कूलर बंद किंवा प्रिंटर दुसऱ्या खोलीत. रीम उघडली की उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा, उघडा कपाटावर टाकायचा नाही. पहिली बाजू झाली की गठ्ठा दहा-पंधरा मिनिटं जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा, मग उलट्या बाजूने हलका वाकवा, पत्ते पिसतात तसा कडेने फडफडवा म्हणजे कागद एकमेकांपासून सुटतील, ठोकून कडा सरळ करा आणि मग ट्रेमधे. हे फडफडवणं लोक टाळतात, दोन कागद एकदम ओढायचं अर्धं कारण तेच. कागद पण ७० जीएसएमचा (हा कागदाच्या वजनाचा आकडा) असेल तर ७५ चा घ्या, पाठपोटला ७० वर मागचं अक्षर पुढे दिसतं ते वेगळंच. आणि रीमच्या कागदी वेष्टनावर बऱ्याचदा एक बाण असतो, कोणती बाजू आधी छापायची तो, तो बाण बघून ट्रे भरा.

४७ चा ताप: ४८ वं पान टाका ना. लिब्रेऑफिसमधे शेवटी कंट्रोल एंटर मारून एक पान वाढवा, वर "राहिलेली गाणी" असं शीर्षक द्या आणि खाली रिकाम्या रेघा. कुणाला एखादं कडवं आठवलं तर तिथेच लिहील. पानं सम झाली की काही काढायला नको.

आणि एकदम अख्खी वही देऊ नका. तुकड्याने:

एलपी -कॅपिटलपी १-१६ -ओ पेज-सेट=ऑड गाणी.पीडीएफ

मग गठ्ठा परत, मग तेच १-१६ ईव्हन आणि रिव्हर्स. मग १७-३२, मग ३३-४८. आठ-आठ कागदांचे तीन तुकडे. चूक झाली तर आठ कागद जातील, चोवीस नाही. लहान पी दिला तर चालणार नाही, कॅपिटलच पाहिजे, शून्य-ओ पण गोंधळू नका, मायनस नंतरचा ओ इंग्रजी लहान ओ आहे.

भुसावळ_यार्ड:

मास्तरांनी कूलर बरोबर पकडला, मला सुचलं नसतं, मी एसी केबिनमधला माणूस.

रोज रोज कमांड टाईप नको असेल तर एक छोटी फाईल करून ठेवा, पाठपोट.एसएच नावाने. त्यात अशा ओळी:

फॉर तुकडा इन १-१६ १७-३२ ३३-४८; डू
एलपी -कॅपिटलपी डॉलरतुकडा -ओ पेज-सेट=ऑड गाणी.पीडीएफ
रीड -पी "गठ्ठा लाव, एंटर दाब "
एलपी -कॅपिटलपी डॉलरतुकडा -ओ पेज-सेट=ईव्हन -ओ आउटपुटऑर्डर=रिव्हर्स गाणी.पीडीएफ
रीड -पी "झालेले कागद उचल, कोरे भर, एंटर दाब "
डन

सगळं इंग्रजी लहान अक्षरात, कॅपिटलपी सोडून, आणि डॉलर म्हणजे चिन्ह. तुकडा या नावाच्या जागी इंग्रजीत काहीही एक शब्द घ्या. बॅश पाठपोट.एसएच असं चालवलं की तो थांबून थांबून विचारत जाईल. एलपी कमांड फक्त काम रांगेत टाकून लगेच परत येते, छापून होईपर्यंत थांबत नाही, म्हणून ते एंटरचं पाहिजेच, नाहीतर सम पानं विषमच्या मागोमाग कोऱ्या कागदावर पडतील. मी एकदा केलंय, सांगत नाही किती कागद गेले.

फाईलच्या नावात स्पेस असेल, म्हणजे गाणी आखाजी.पीडीएफ वगैरे, तर अवतरण चिन्हात टाका, नाहीतर तो दोन फायली समजतो आणि सापडत नाही म्हणतो.

विंडोजवाला_धुळे:

लिनक्सवाल्यांची मैफल चालू आहे पण कोणी विंडोजवर शोधत इथे आलं तर त्यांच्यासाठी. सुमात्रा पीडीएफ नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो कमांडने पण छापतो: सुमात्रापीडीएफ -प्रिंट-टू-डिफॉल्ट -प्रिंट-सेटिंग्ज "ऑड" गाणी.पीडीएफ, मग गठ्ठा आपल्या प्रिंटरच्या रीतीने परत लावून "ईव्हन". प्रिंटरला यंत्र असेल तर "डुप्लेक्सलाँग". माझं काम त्यावर चालतं, जीएसटीची चलनं काढायला.

बाय द वे ताई, पीडीएफ न करता टाईप केलेली टेक्स्ट फाईल सरळ छापायला जाऊ नका, मराठी जोडाक्षरांची वाट लागते.

भुसावळ_यार्ड:

हो, टेक्स्ट फाईल नकोच. माऊस नको असेल तर पीडीएफ पण टर्मिनलमधून होते: एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ गाणी.ओडीटी. मग पीडीएफफॉन्ट्स गाणी.पीडीएफ मारून बघा, ईएमबी नावाच्या रकान्यात सगळीकडे येस पाहिजे, म्हणजे फॉन्ट फाईलच्या आतच आहे, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर छापली तरी वेलांट्या जागेवर राहतील.

फैजपूरची_काकू:

मला कमांड बिमांड कळत नाही पण गौराईची गाणी म्हटल्यावर थांबले. आमच्याकडे पण आता म्हणणारी माणसं उरली नाहीत. ताई, ए४ एवढी मोठी वही झोक्यावर बसून कशी धरणार? एका हातात दोर असतो ना. लहान करा की, आरतीच्या पुस्तकाएवढी.

चोपड्याची_लेक_पारोळ्यात:

काकू 😂😂 एकदम खरं. हा विचारच केला नव्हता. अशी अर्ध्यात दुमडलेली, मधे पिना मारलेली होईल का टर्मिनलमधून? मास्तर, कूलर बंद केला, घामाने भिजलो पण चार वह्या एकही कागद न अडकता आल्या. पुस्तक म्हणून भाचीचं बारावीचं फिजिक्स ठेवलं, पहिल्यांदा कामाला आलं.

केळीचा_घड:

होतं ना. पानांचा आकडा चारने भाग जाणारा पाहिजे, तुमची ४८ झालीत म्हणजे आयतंच जमलं. एका ए४ कागदावर चार पानं, दोन पुढे दोन मागे, १२ कागदांत वही. पहिल्या कागदावर पुढे डावीकडे ४८ उजवीकडे १, मागे डावीकडे २ उजवीकडे ४७. आता मजा बघा, ४८+१ पण ४९ आणि २+४७ पण ४९. तुम्ही पहिल्या दिवशी जी चूक म्हणून आणली होती ती बेरीज इथे नियम आहे, कुठल्याही बाजूच्या दोन पानांची बेरीज ४९ आली नाही तर समजा मांडणी चुकली. मी दुमडायच्या आधी हेच तपासतो, पान उलटून वाचत बसत नाही.

पानं अशी मांडून द्यायला पीडीएफजॅम आहे:

पीडीएफजॅम --बुकलेट ट्रू --लँडस्केप --पेपर ए४पेपर गाणी.पीडीएफ

नवी फाईल तयार होईल २४ आडव्या पानांची. तीच ऑड, मग ईव्हन रिव्हर्स, आधीसारखंच. पण इथे एक फसायची जागा आहे! उभ्या पानाला जो गठ्ठा "डोकं न फिरवता" बरोबर येत होता तो आडव्या पानाला मागून उलटा येणार. कारण उभं पान वहीसारखं उलटतं, लांब कडेवरून, आणि ही दुमडलेली वही छोट्या कडेवरून उलटते. म्हणून यावेळी गठ्ठा डोकं-पाय फिरवूनच ठेवायचा, कोरी बाजू वर तशीच. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी लाँग-एजच्या जागी टू-साईडेड-शॉर्ट-एज द्यायचं, त्याचंच हे हातचं रूप. पहिला एक कागद काढून दुमडून बघा मग बाकीचे.

अक्षर पण लहान होईल, ए४ चं ए५ होताना साधारण सत्तर टक्के राहतं. १६ चा फॉन्ट असेल तर ११ सारखा दिसेल.

शिरपूरकर_मास्तर:

पिना मारायला साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा मिळतो, नाहीतर आमची जुनी पद्धत: वही उघडी करून खाली जाड पुठ्ठा किंवा थर्माकोल ठेवा, स्टेपलर उघडून वरूनच दाबा, पिन पुठ्ठ्यात घुसते, मग कागद उचलून मागून चमच्याच्या दांड्याने पिना दुमडा. १२ कागद आणि वर जाड कव्हर एवढ्याला आरामात पुरते. मधले कागद दुमडल्यावर थोडे बाहेर येतात, ते पट्टी लावून कटरने सरळ करून घ्या, म्हणजे कडेला मजकुरासाठी जागा सोडलेली पाहिजे, दोन सेंटीमीटर तरी.

चोपड्याची_लेक_पारोळ्यात:

मंडळी काल रात्रीची गंमत. बुकलेटचे कागद चालू असताना लाईट गेली. दहा मिनिटांनी आली, प्रिंटर सुरू केला तर त्याने आपणहून परत पहिल्यापासून छापायला घेतलं! अर्धवट छापलेल्या कागदांवर दुसरं काहीतरी. मी घाबरून प्लगच काढला, परत लावला, परत पहिल्यापासून. पिशाच्च लागल्यासारखं.

भुसावळ_यार्ड:

पिशाच्च नाही ताई, काम रांगेत शिल्लक आहे, अर्धवट राहिलेलं काम तो परत सुरुवातीपासून करतो. प्लग काढून काही होत नाही, रांग लॅपटॉपमधे आहे, प्रिंटरमधे नाही. एलपीस्टॅट -ओ मारा, काय काय अडकलंय दिसेल, मग कॅन्सल -ए, सगळं साफ. कधी कधी असं झाल्यावर प्रिंटर "थांबवलेला" अवस्थेत जातो, नवीन काम दिलं तरी हलत नाही, तर कप्सएनेबल प्रिंटरचंनाव द्यायचं.

मग किती कागद धडके आले ते मोजा आणि कॅपिटलपी ने पुढचेच द्या. आणि हो, लेझर प्रिंटर घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका, तो रोलर तापवताना एकदम एवढा करंट ओढतो की इन्व्हर्टर बोंब मारतो. मुकाट्याने लाईट असेल तेव्हाच.

विंडोजवाला_धुळे:

रात्री छापायचं कशाला पण, सकाळी सहाला छापा, लाईट पण असते आणि ऊन पण नसतं.

केळीचा_घड:

मला एक विचारायचं होतं यार्डभाऊ, माझ्या एका मित्राच्या प्रिंटरला पेज-सेट दिलं तरी सगळीच पानं येतात, ऑड ईव्हन काही ऐकतच नाही. ड्रायव्हरची काहीतरी भानगड दिसते.

भुसावळ_यार्ड:

मग प्रिंटरला विचारूच नका, आधीच दोन फायली करा. क्यूपीडीएफ चांगलं आहे:

क्यूपीडीएफ गाणी.पीडीएफ --पेजेस . १-झेड:ऑड -- विषम.पीडीएफ
क्यूपीडीएफ गाणी.पीडीएफ --पेजेस . १-झेड:ईव्हन -- सम.पीडीएफ
क्यूपीडीएफ सम.पीडीएफ --पेजेस . झेड-१ -- समउलट.पीडीएफ

झेड म्हणजे शेवटचं पान. तिसरी ओळ वाचवायला म्हणून हुशारी करून सरळ झेड-१:ईव्हन देऊ नका. तिथे ऑड ईव्हन पानाच्या आकड्यावरून ठरत नाही, यादीतल्या जागेवरून ठरतं. ४८ पानांची उलटी यादी केली की पहिल्या जागेवर ४८ बसतं, म्हणजे ते "ऑड" झालं, आणि ईव्हन मागितल्यावर तुमच्या हातात ४७, ४५, ४३ येतात. एक संध्याकाळ गेली होती माझी यात, वाटलं प्रिंटर बिघडला. दोन टप्प्यात करा, शांत झोप लागते.

चोपड्याची_लेक_पारोळ्यात:

अपडेट देते. शेवटी दोन प्रकार केले. आई आणि आत्यांसाठी ए४ च्या मोठ्या अक्षराच्या पाच, त्यांना ११ चा फॉन्ट दिसत नाही, आणि त्यांना कुठं झोक्यावर बसायचंय, त्या बाजेवर बसून सांगणार. बाकी दहा जणींना दुमडलेल्या छोट्या. पहिल्या बुकलेटला गठ्ठा फिरवायची विसरलेच, मागची बाजू उलटी आली, एकच कागद काढून बघितला होता म्हणून वाचले. बेरीज मात्र भाची तपासत होती, ४९, ४९, ४९ करत, तिला तोच खेळ झाला.

कव्हरला भाजीवाल्या पिशवीच्या रंगाचा जाड हिरवा कागद मिळाला. पिना चमच्याने दुमडल्या, एक अंगठ्यात गेली.

"राहिलेली गाणी" हे पान आईने बघितलं आणि लगेच म्हणे यात घागरीचं ते गाणं कुठंय, डांगर ठेवतानाचं. मला ते माहीतच नव्हतं, रेकॉर्डिंगमधे पण नाही. आता ती म्हणतेय आणि मी पेनने लिहितेय, पंधराही वह्यांमधे, हाताने. मास्तर, त्या रेघा जरा जास्त ठेवायला पाहिजे होत्या.

शिरपूरकर_मास्तर:

मग ४८ ची ५२ करा, चार पानं वाढली म्हणजे बुकलेटला एकच कागद जास्त. बेरीज मात्र आता ५३ येईल, भाचीला सांगा.